बालवाडी अंगणात उतरली: बोर्डी आणि कोसबाडचं प्रकरण

खासगी शाळांच्या माहितीपत्रकात हल्ली दोन पानं हमखास असतात. एका पानावर नर्सरी आणि केजीचे वर्ग, रंगीत खुर्च्या, लाकडी ठोकळे. दुसऱ्या पानावर समाजसेवा: नववीची मुलं शेजारच्या वस्तीत वह्या वाटताहेत. या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. लहान मूल कसं शिकतं याचं जे ज्ञान शाळेकडे आहे ते फी भरणाऱ्यांपुरतंच राहतं. शाळेबाहेर पोचतात त्या वह्या, फराळाची पाकिटं आणि जुने कपडे.

ही दोन पानं एक कशी होऊ शकतात याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे. दादरच्या पांढरपेशा वस्तीत बालशिक्षणाचं काम करणारी एक खासगी संस्था १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेली, आणि पुढे साधारण अकरा-बारा वर्षांनी तिथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर. संस्थेचं नाव नूतन बाल शिक्षण संघ. कामाच्या केंद्रस्थानी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. हे प्रकरण आपल्याकडे सहसा चरित्र म्हणून सांगितलं जातं: त्याग, सेवा, पद्म पुरस्कार. त्या दोघींबद्दलचा आदर ठेवूनच मी ते निर्णयांचं प्रकरण म्हणून मांडणार आहे. तिथे कुठल्या टप्प्यावर काय अडलं, आणि अडल्यावर शाळेने स्वतःतलं काय बदललं, एवढंच पाहायचं आहे. माझ्या मते बालशिक्षणाच्या कुठल्याही सेवा-उपक्रमाची खरी परीक्षा याच ठिकाणी होते.

दादरपर्यंतची वाट

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला; घर प्रार्थना समाजाचं. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आल्या. गिजुभाई मूळचे वकील. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं, आणि इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींच्या पद्धतीला गुजराती घराची भाषा दिली होती. गोष्टी, लोकगीतं, नाट्य, अंगणातले खेळ या सगळ्याला तिथे मान होता. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. बालशिक्षणावरची मासिकं, पालकांसाठी लेखन आणि मुख्य म्हणजे बालशिक्षिकांचं प्रशिक्षण ही संघाची कामं. ताराबाई मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं.

शिशुविहार चांगलं चाललं. मुलाला मारायचं नाही, धाक घालायचा नाही, त्याच्या हाताला काम द्यायचं, त्याच्या गतीने शिकू द्यायचं, हे विचार मराठी मध्यमवर्गात रुजवण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. पण तिथवर ते मध्यमवर्गाचंच राहिलं होतं.

इथे थोडं मागे जायला हवं. माँटेसोरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत सुरू झालं. आईबाप कामावर गेल्यावर चाळींच्या जिन्यांवर हुंदडणाऱ्या मुलांसाठी ते होतं. म्हणजे ही पद्धत मुळात गरिबांच्या मुलांमध्ये घडली. जगभर पसरताना मात्र ती महाग साधनांची, प्रशस्त खोल्यांची आणि सुखवस्तू पालकांची झाली. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी माँटेसोरींच्या प्रशिक्षण केंद्रात बोलले, तेव्हा त्यांनी नेमकं हेच बोलून दाखवलं: असं शिक्षण फक्त धनिकांच्या मुलांना नव्हे, कंगाल घरांतल्या मुलांनाही मिळावं. पुढे नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणयोजनेच्या, विचारात शाळेआधीच्या वयाचाही समावेश झाला आणि खेड्यातल्या लहान मुलांसाठी काय करायचं हा प्रश्न ताराबाईंसारख्यांपुढे थेट येऊन उभा राहिला.

बोर्डीतलं पहिलं अडणं

बोर्डी समुद्रकाठचं गाव. आसपास चिकूच्या वाड्या, किनाऱ्याला मच्छीमार, पूर्वेला वारली पाडे. गोखले एज्युकेशन सोसायटीची माध्यमिक शाळा १९२० पासून तिथे होती आणि आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक शाळेबाहेरच्या आदिवासी मुलांचाही विचार करत होते. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे, कारण बाहेरून आलेल्या संस्थेला गावात पाय टेकायला जागा मिळाली ती शिक्षणाची चाड असलेल्या अशा माणसांमुळे.

दुसरी पार्श्वभूमी फारशी सांगितली जात नाही. संघाचं बोर्डीतलं ग्राम बाल शिक्षा केंद्र ज्या वर्षी सुरू झालं त्याच १९४५ मध्ये या टापूत वारल्यांचा लढा पेटला होता. मे महिन्यात झरीला आदिवासींची परिषद भरली. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालच्या किसान सभेने वेठ बंद करा, लग्नगडी सोडा, दिवसाला बारा आणे मजुरी द्या, अशा मागण्या उभ्या केल्या. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या दाराशी बांधले जायचे, तेच लग्नगडी. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. ज्या घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी काढायची, त्या घरांचं हे वास्तव होतं. बालशिक्षणाचं काम आणि वेठमुक्तीचं काम वेगवेगळ्या माणसांनी, वेगळ्या मार्गांनी केलं. तरी वेठीला जुंपलेला बाप असताना मूल बालवाडीत टिकलं नसतं, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं.

अनुताई इथे आल्या त्या याच वर्षी. जन्म १९१०, लग्न तेराव्या वर्षी आणि सहा महिन्यांत वैधव्य. शिकून शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुढची सगळी हयात डहाणू तालुक्यात गेली.

बोर्डीत सुरुवात झाली ती दादरसारखीच. एक जागा, ठरलेली वेळ, साधनं मांडलेली, शिक्षिका तयार. गावातली काही मुलं आली. दलित वस्तीतली आली नाहीत. बोलावणी झाली, तरी येईनात.

खरी परीक्षा इथे होती. या क्षणी संस्थेपुढे दोन सोपे मार्ग असतात, आणि आजही असतात. एक म्हणजे पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही असा निष्कर्ष काढून जागृतीची मोहीम हाती घेणं. दुसरा म्हणजे खाऊचं आमिष दाखवून पटसंख्या भरणं. ताराबाई आणि अनुताईंनी प्रश्न वेगळा विचारला: मूल आपल्याकडे का येत नाही, याऐवजी आपण मूल आहे तिथे का नाही? मग शिक्षिका साधनांच्या पिशव्या घेऊन वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचं सारवलेलं अंगण हीच जागा. मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी, गोष्टी, खेळ आणि साधनांवरचं काम. यालाच अंगणवाडी म्हटलं गेलं. गावातली बालवाडी हे केंद्र, आणि वस्त्यांमधल्या अंगणवाड्या हा त्याचा विस्तार, अशी ती रचना होती.

अंगणात शाळा भरल्याने जे साधलं ते खोलीत कधीच साधलं नसतं. भिंती नसल्याने आई, आजी, शेजारीण सगळ्या पाहत होत्या. न मारता मूल ऐकतं, चार वर्षांचं पोर स्वतः केस विंचरतं, कालपर्यंत गप्प असलेली मुलगी गाणं म्हणते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. पालकसभा घेऊन, भाषणं देऊन जे पटवावं लागलं असतं ते रोज दारात दिसत होतं. शिवाय शिक्षिकेलाही घर दिसत होतं: चूल कधी पेटते, आई कामाला किती वाजता जाते, धाकट्याला कोण सांभाळतं. दादरच्या वर्गात बसून हे कळण्याची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती नोंदवायला हवी. दलित वस्तीतली मुलं गावातल्या बालवाडीत आली नाहीत यामागे अस्पृश्यता होती. वस्तीतच अंगणवाडी काढल्याने मुलांना शिक्षण मिळालं, पण गावातली मुलं आणि वस्तीतली मुलं एका सतरंजीवर बसण्याचा प्रश्न त्या अंगणात सुटणं शक्य नव्हतं. शाळेने मुलाकडे जाणं आणि मुलाने शाळेच्या दारातून ताठ मानेने आत येणं, या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक वाट काढली म्हणून दुसरीची गरज संपत नाही. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येईन.

गुलाबी मनोऱ्याऐवजी

माँटेसोरी साधनांचं उदाहरण घेऊ. गुलाबी मनोरा म्हणजे दहा लाकडी ठोकळे, सर्वात लहान एक सेंटिमीटरचा, सर्वात मोठा दहा सेंटिमीटरचा. सगळ्यांचा रंग एक, आकार एक, पोत एक. फरक फक्त मापाचा. त्यामुळे मुलाचं लक्ष मापावरच जातं. मांडणी चुकली तर मनोराच सांगतो, शिक्षिकेला बोलावं लागत नाही. साधनामागचा विचार एवढाच: एका वेळी एकाच गुणात फरक, आणि चूक ज्याची त्याला कळावी.

हा विचार एकदा नीट उमगला की महागड्या लाकडाची गरज उरत नाही. पण तो उमगणं हेच कठीण. बोर्डी-कोसबाडला शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, करवंट्या, बांबू, चिकणमाती ही साधनं झाली. समुद्रकाठावर वेचलेल्या शिंपल्यांतून लहान-मोठ्याची चढती रांग लावता येते. बिया वेगळ्या करताना बोटांची चिमटीची पकड तयार होते, तीच पुढे लेखणी धरायला लागते. पानांच्या कडा चाचपून गुळगुळीत-खरबरीत कळतं. माँटेसोरी जगात अधिकृत साधनांबाबत फार काटेकोरपणा असतो, आणि त्यामागे कारणंही आहेत. तरी साधन हरवलं, मोडलं, किड्यांनी खाल्लं तर मुंबईहून नवं येईपर्यंत वर्ग थांबणार असेल, तर खेड्यात ती पद्धत दुसऱ्या वर्षी बंद पडते. वेचून आणलेल्या बियांचं तसं होत नाही, आणि मुलंच त्या वेचून आणतात.

आजच्या शाळांच्या सेवा-उपक्रमात साधनं देण्यावर फार भर असतो. खेळण्यांचा संच, रंगीत चटया, भिंतीवरची चित्रं. देणगी म्हणून ते चांगलंच. पण संच कशासाठी आहे हे सेविकेला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो कपाटात राहतो. हरवला तर भरून द्यावा लागेल ही भीतीही असते. बोर्डीत संस्थेने वस्तू न देता वस्तू घडवण्यामागची दृष्टी दिली, आणि त्यासाठी शिक्षिकांच्या प्रशिक्षणावर संघाचा मुख्य भर होता. हे भावनगरपासून चालत आलेलं होतं. माझ्या मते संघाची खरी पुंजी हीच होती.

कोसबाड: धाकट्या भावंडाचा प्रश्न

१९५६ च्या सुमारास काम कोसबाडला गेलं. इथे जवळपास सगळी वस्ती वारली. आणि इथे नवंच अडणं समोर आलं.

प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत नव्हत्या. कारण सरळ होतं. आई मजुरीला गेली की कडेवरचं मूल तिच्या मोठ्या बहिणीच्या कडेवर येतं. सात-आठ वर्षांची मुलगी घरची दाई असते. ती शाळेत आली तर एकतर बाळाला घेऊन येते, मग बाळ रडतं आणि वर्ग बिघडतो; किंवा येतच नाही. मुलगे गुरं राखायला जातात, त्याबद्दल पोटाला मिळतं, कधी थोडी मजुरी. शाळेच्या दृष्टीने ही दोन्ही गैरहजर मुलं. घराच्या दृष्टीने दोन्ही कमावती.

सरकारी खाती वयानुसार वेगळी असतात: पाळणाघर एकाकडे, बालवाडी दुसऱ्याकडे, प्राथमिक शाळा तिसऱ्याकडे. कोसबाडला या तिन्ही गोष्टी एका आवारात आणल्या गेल्या. कडेवरचं बाळ पाळणाघरात, तीन-चार वर्षांचं भावंड बालवाडीत, आणि बहीण शाळेत. येताना तिघं एकत्र, जाताना एकत्र. मधल्या सुटीत ती धाकट्याला पाहून येऊ शकते. याला विकासवाडी म्हटलं गेलं. मला हा संपूर्ण प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय वाटतो. बालशिक्षणाचा कार्यक्रम चांगला असेल तर त्याचा पहिला फायदा कदाचित त्या लहान मुलाला होत नाही, त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीला होतो. तिचे हात मोकळे होतात. आजही एखाद्या वस्तीत मुलींची गळती मोजायची असेल तर मी आधी तिथे तीन वर्षांखालच्या मुलांची सोय काय आहे ते विचारेन.

गुराखी मुलांसाठी निघाली कुरणशाळा. गुरं चरतात तिथे शिक्षक जायचा. झाडाखाली फळा, आजूबाजूला झाडं, पक्षी, दगड, माती, एक डोळा गुरांवर. मोजायला खडे, वाचायला अक्षरपट्ट्या. मुलाचं काम बंद करायला लावून त्याला शाळेत आणायचा हट्ट धरला असता तर मालकाने दुसरा गुराखी ठेवला असता आणि घराने मुलाला शाळेतून काढलं असतं. काहींना ही तडजोड वाटेल: बालमजुरी मान्य केली असा आक्षेप घेता येतो, आणि आजच्या कायद्याच्या चौकटीत तो रास्तही आहे. मुलाने गुरं राखू नयेत हे खरंच. पण ते होईपर्यंत त्याची दहा वर्षं निघून जाऊ नयेत हेही तितकंच खरं. वसईच्या वीटभट्ट्यांवर पुढे ज्या भोंगाशाळा निघाल्या, ऊसतोड मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्या याच विचाराच्या वाटेवरच्या. दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवरून कुटुंबं भट्ट्यांकडे निघतात, तेव्हा पाड्यावरची शाळा अर्धी रिकामी होते, हे आजही बदललेलं नाही.

बोर्डीपासून कोसबाडपर्यंत काय काय बदललं ते पाहिलं तर क्रम असा दिसतो: आधी जागा, मग साधनं, मग वेळ, मग वयाच्या सीमा. प्रत्येक वेळी बदलली ती शाळा. आणि जे बदललं नाही तेही तितकंच महत्त्वाचं आहे. मुलाला न मारणं, त्याच्या हाताला स्वतःचं काम देणं, प्रशिक्षित शिक्षिका, रोजचं नियमित येणं. गरिबांसाठी आहे म्हणून स्वस्तातलं, आठवड्यातून एकदा, अप्रशिक्षित माणसाकडून, असं कोसबाडला झालं नाही. या दोन याद्या उलट्या झाल्या की उपक्रम फसतो: शाळा आपली वेळ, जागा, साचा घट्ट धरून ठेवते आणि शिकवण्याच्या दर्जात मात्र सहज तडजोड करते.

भाषेचा प्रश्न राहतोच. वारली बोली आणि पुस्तकी मराठी यांत अंतर आहे. बालवाडीच्या वयात मूल घरची भाषा घेऊन येतं आणि शिक्षिका स्वतःची घेऊन येते. बाहेरून आलेल्या शिक्षिकेने कितीही जीव लावला तरी पाड्यावरचीच मुलगी प्रशिक्षित होऊन बालवाडी चालवू लागते तेव्हाच हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटायला लागतो. स्वच्छतेच्या बाबतीतही तसंच. नखं कापणं, आंघोळ घालणं हे आरोग्यासाठी आवश्यक होतं; पण हातपंपापासून मैलभर लांब असलेल्या पाड्यावर अस्वच्छता हा सवयीचा दोष नसतो, पाण्याचा असतो. पाणी न आणता स्वच्छता शिकवणाऱ्या उपक्रमांनी हे डोक्यात ठेवावं.

नाव राहिलं, वेळ गेला

ताराबाई १९६२ मध्ये पद्मभूषण झाल्या, १९७३ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरातल्या ३३ प्रकल्पांत. प्रत्येक केंद्राचं नाव: अंगणवाडी. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त. खासगी संस्थेच्या प्रयोगातलं नाव एवढ्या प्रमाणावर सरकारी योजनेचं नाव झाल्याची उदाहरणं फार नसतील.

योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाच्या देशात आहाराला प्राधान्य मिळणं योग्यच होतं. मेळघाट आणि याच डहाणू-जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्याने बालमृत्यू पाहिले आहेत. पण सहा सेवांचा भार एका सेविकेवर आणि एका मदतनिसावर पडला. वजन, आहार, लाभार्थ्यांची यादी, गृहभेटी, वेगवेगळ्या सर्वेक्षणांची कामं, आता मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमधली नोंद. या सगळ्यातून शिकवायला जे मिळेल ते. बोर्डीच्या अंगणात जी शिक्षिका मुलांसमोर बसायची तिचा वेळच या रचनेत सापडत नाही. सेविकेला पगार नाही, मानधन आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला, आणि त्यांच्या कामाचं मोल मानलं. महाराष्ट्रात २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला सेविकांचा संप जवळपास दोन महिने चालला. ज्या व्यवस्थेवर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्याचा मोठा भार टाकला आहे, तिची ही स्थिती आहे.

परिणाम समोर दिसतात. ज्यांना परवडतं, आणि ज्यांना परवडत नाही तेही, मुलाला तिसऱ्या वर्षी इंग्रजी नर्सरीत घालतात. तिथे बूट, टाय आणि ओळीत लिहिलेली एबीसीडी असते. अंगणवाडीला ‘खाऊची शाळा’ समजलं जातं. कोसबाडच्या विचाराने पाहिलं तर दोन्हीकडे मुलाच्या हाताला त्याचं काम मिळत नाही.

आजच्या खासगी शाळेपुढचं काम

आता माहितीपत्रकातल्या त्या दोन पानांकडे. ज्या खासगी शाळेचा स्वतःचा चांगला पूर्वप्राथमिक विभाग आहे, तिच्याकडे शेजारच्या अंगणवाडीला देण्यासारखं नेमकं काय आहे? प्रशिक्षित बालशिक्षिका. बाकी सगळं दुय्यम.

म्हणून पहिलं पाऊल विद्यार्थ्यांना वस्तीत नेण्याचं नसावं. पूर्वप्राथमिकच्या एक-दोन शिक्षिकांना आठवड्यातले काही तास शाळेच्या पगारात, शाळेच्या वेळात अंगणवाडीसाठी मोकळं करावं. हे खर्चिक आहे, आणि म्हणूनच बहुतेक शाळा ते करत नाहीत. शनिवारी बसमधून मुलं नेणं स्वस्त पडतं. शिक्षिकेने तिथे जाऊन वर्ग ताब्यात घेऊ नये. सेविकेच्या शेजारी बसावं. सेविकेला जे माहीत आहे, कुठल्या घरात बाप दारू पितो, कुठलं मूल उपाशी येतं, कुणाला ऐकू कमी येतं, ते शाळेच्या शिक्षिकेला माहीत नसतं. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे, आणि शाळेच्या केजी वर्गालाही त्यातून शिकायला मिळतं. लाखाच्या साधनांनी भरलेल्या वर्गात मूल कंटाळतं आणि तीन करवंट्यांवर अर्धा तास रमतं, हे तिथे पाहिलेलं बरं.

मोठ्या मुलांना न्यायचं असेल तर नियमितपणा ही पहिली अट. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात महिन्यातून एकदा येऊन गोष्ट सांगून, फोटो काढून जाणारी दहा अनोळखी मुलं हे फार चांगलं नाही. त्याऐवजी नववीतल्या दोघांनी वर्षभर, दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच अंगणवाडीत जावं. आधी लहान मुलांशी बोलायला शिकावं, गोष्टी सांगाव्यात, साधनं हाताने बनवावीत. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो काढू नयेत. आपल्या शाळेच्या नावाचा फलक तिथे लावू नये.

आता मघाशी सोडलेला मुद्दा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या आहेत, आणि पूर्वप्राथमिक वर्ग असेल तर तिथपासून. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ही जबाबदारी सेवेची नाही, कायद्याची आहे, आणि ती बोर्डीत राहून गेलेल्या प्रश्नाला भिडते. अंगणवाडीत जाऊन गाणी शिकवणं पुरेसं नाही. त्या अंगणवाडीतलं मूल आपल्या केजीत, आपल्या मुलांशेजारी बसलं पाहिजे. ज्या शाळेला पंचवीस टक्क्यांची मुलं ओझं वाटतात, त्या शाळेचा वस्तीतला उपक्रम कितीही देखणा असला तरी मला त्यात अर्थ दिसत नाही. उलट जी शाळा या मुलांना मनापासून घेते, तिला अंगणवाडीशी नातं हवंच असतं, कारण ते मूल तिथूनच येतं आणि त्याची सेविका त्याला नावाने ओळखते.

आणि वेळेबद्दल. बहुतेक शाळा भेटीची वेळ आपल्या तासिकांच्या सोयीने ठरवतात, म्हणजे दुपारी एक-दीडनंतर, जेव्हा अंगणवाडीत आहार उरकून मुलं घरी गेलेली असतात किंवा पेंगत असतात. मग सेविका त्यांना बोलावून आणते, पाहुणे आलेत म्हणून. बोर्डीच्या शिक्षिका स्वतः मुलांच्या अंगणात जायच्या. शाळेच्या वेळापत्रकातला पहिला तास सोडून सकाळी नऊला अंगणवाडीत पोचायची तयारी आहे का, हे मुख्याध्यापकांनी आधी ठरवावं. नंतर कुठला दिवस चालेल हे सेविकेला विचारावं, कारण लसीकरणाचा दिवस, वजनाचा दिवस आणि तालुक्याच्या बैठकीचा दिवस तिलाच माहीत असतो.